द्रासच्या कारगिल स्मारकाचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचाय, एडिटिंग किती आणि कसं करावं?

पाटणकर_बाजार

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय. फोटोग्राफी आपली हौशीच, म्हणजे मुंजीत-लग्नात "तू काढ रे" म्हणून कॅमेरा हातात कोंबतात तेवढीच. मागल्या उन्हाळ्यात लडाखला गेलो होतो, श्रीनगरहून झोजिला ओलांडून, तेव्हा द्रासला वॉर मेमोरियलवर थांबलो. ड्रायव्हरला उजेडात कारगिल गाठायचं होतं त्यामुळे आम्ही तिथे ऐन दुपारी, ऊन डोक्यावर. आता आमच्या मंडळाने ठरवलंय की २६ जुलैच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये त्या स्मारकाचा मोठा फोटो लावायचा, ३६ बाय २४ इंच, आणि तो कायमचा राहणार भिंतीवर. आणि फोटो माझाच घ्यायचा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

फ्रेम अशी आहे: समोर गुलाबी दगडाची भिंत, तिच्यावर नावांचे पितळी पत्रे, डावीकडे तिरंगा, मागे तोलोलिंगचा डोंगर. कॅमेरा निकॉनचा २४ मेगापिक्सेलवाला, सोबत आलेली १८-५५ लेन्स, पुढे पोलरायझर (चमक कापणारी, आकाश गडद करणारी काच) लावला होता, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि जेपेग दोन्ही आहेत.

आता अडचणी. दगड तिथे डोळ्याला छान गुलाबी दिसत होता तो फोटोत राखाडी-निळसर आलाय, भिंत मागे कलल्यासारखी दिसते, आकाश एका कोपऱ्यात जवळजवळ काळं आणि दुसऱ्या कोपऱ्यात फिकट, पितळेवर एका जागी ऊन असं चमकलंय की तिथली चार-पाच नावं पांढऱ्या डागात गेलीत, उजवीकडून कुणाचं तरी कोपर आणि गुलाबी सेल्फी स्टिक आत आलीय, आणि बरोबर मधे एक वयस्क गृहस्थ पाठमोरे उभे आहेत, स्वेटर घातलेले, एका नावावर बोट ठेवून. मंडळातले म्हणतात त्यांना काढून टाक, फोटो "क्लीन" कर, आणि आकाशात जरा ढग-बिग टाक, संध्याकाळचं केशरी वगैरे.

भाच्याला पाठवला होता, त्याने कुठल्याशा एआय ॲपमधून काढून पाच मिनिटात परत पाठवला. लांबून बघितला तर एकदम कॅलेंडर. पण झूम केलं तर काहीतरी विचित्र वाटतंय, नीट सांगता येत नाहीये काय ते. दोन्ही फोटो लिंकमध्ये टाकलेत. नेमकं काय करू? पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची तयारी नाही, आधीच सांगतो.

सराफा_शटर

दादा, इंदूरहून जय महाराष्ट्र 🙂 फ्रेम मस्त आहे, उगाच घाबरलात. रॉ आहे म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालेलं आहे. दगड राखाडी का आला ते आधी सांगतो. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असणार, म्हणजे उजेडाचा रंग कोणता ते त्यानेच ठरवायचं. समोर सगळी गुलाबी भिंत बघून कॅमेऱ्याला वाटतं की उजेडच गुलाबी आहे, म्हणून तो उलट बाजूला निळा-हिरवा ओढतो आणि गुलाबी रंग मारून टाकतो. रॉ फाईल उघडा, व्हाइट बॅलन्स "डेलाईट" करा, साडेपाच हजार केल्व्हिनच्या आसपास, बघा दगड कसा परत येतो. पिकर घेऊन झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर क्लिक करायचा मोह होईल, तो करू नका. झेंड्याच्या कापडातून ऊन आरपार येतं, शेजारच्या पट्ट्यांचा रंगही त्यात उतरतो, ते पांढरं खरं पांढरं नसतं. ढगाची उजळ कड किंवा खालची करडी फरशी असेल तर तिथे क्लिक करून ताडून बघा.

रॉ फाईल एडिट करायला फुकटमध्ये डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे. शिकायला दोन संध्याकाळी जातात पण नंतर कुणाच्या बापाला हप्ता द्यावा लागत नाही. फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीड, पण ३६ इंची प्रिंटसाठी मी फोनवर करणार नाही.

आकाशाचं म्हणाल तर मी असतो तर बदललं असतं, खरं सांगतो. दुपारचं फिकट आकाश कुणाला बघायचंय हॉलमध्ये? स्काय रिप्लेसमेंट आजकाल सगळेच करतात.

रिटायर्ड_निगेटिव्ह

सराफा, आकाशावर नंतर येतो. आधी पाटणकर बाजार, तुमचा फोटो मोठा करून बघितला, दोन्ही बघितले. माझी हयात लष्कर भागातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममधे गेली, बाहेर येऊन जेवायचं आणि परत आत, तेव्हा जे सांगतो ते थोडं जुन्या पद्धतीचं वाटेल पण स्लायडरची नावं बदलली तरी काम तेच आहे.

पहिली गोष्ट, ती जागा समुद्रसपाटीपासून साधारण दहा-साडेदहा हजार फुटांवर आहे. हवा विरळ आणि कोरडी. आपल्याकडे जूनमधे धुळीने ऊन पसरतं आणि सावलीतसुद्धा उजेड असतो, तिथे तसं होत नाही. ऊन लागलं तिथे भगभगीत, सावली पडली तिथे गडद, आणि त्या सावलीला फक्त निळ्या आकाशाचा उजेड मिळतो म्हणून ती निळी. तुमच्या त्या गृहस्थांच्या पाठीवरची सावली बघा, स्वेटर तपकिरी असावा, निळसर-जांभळा आलाय. म्हणजे एकच व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला पुरणार नाही. आधी उन्हातल्या दगडासाठी लावा, मग सावल्यांचा वेगळा मास्क करून (म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून) तेवढ्यालाच थोडी ऊब द्या. थोडीच हं. सावलीत निळेपणा अजिबात राहिला नाही तर फोटो द्रासचा न वाटता कुठल्यातरी गार्डनचा वाटतो.

क्रम सांगतो. आधी लेन्सचं करेक्शन, मग भिंत सरळ, मग रंग, मग एक्स्पोजर, मग हायलाईट (सगळ्यात उजळ भाग) खाली आणि सावल्या वर, मग डाग-कोपरं काढणं, आणि धार देणं सगळ्यात शेवटी, तेही प्रिंटच्या मापाला आणल्यावर. लोक आधी शार्पनेस ओढतात आणि मग रडतात की दगड खडबडीत दिसतो.

भिंत मागे कलते कारण तुम्ही कॅमेरा वर उचलून काढलाय. डार्कटेबलमधे "रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह" म्हणून आहे, उभ्या रेषा दाखवून दिल्या की तो सरळ करतो. पण शंभर टक्के सरळ करू नका. रेषा सरळ करताना तो फोटोचा वरचा भाग ताणतो, आणि तुमच्या वरच्या भागात डोंगर आहे. पूर्ण सरळ केलात तर तोलोलिंग असेल त्याहून उंच आणि टोकदार दिसायला लागेल. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबा, डोळ्याला थोडा कल चालतो, उंच वास्तूकडे मान वर करून बघताना तो असतोच. कडा कापल्या जातील, त्या सेल्फी स्टिकचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

आणि डीहेझ नावाचं, धूसरपणा पुसणारं बटण दिसलं की हात आवरा. मागच्या डोंगरावर जो निळसर पडदा आहे त्यानेच तो मागे राहतो. तो पुसलात की डोंगर भिंतीच्या खांद्यावर येऊन बसतो आणि नावांकडे कुणाची नजर जात नाही. अगदी किंचित, नसलं तरी चालेल.

सरळसोट

एक शंका. शहिदांच्या स्मारकाचा फोटो आहे, त्यात हे काढ ते सरळ कर कशाला? जसा आला तसा लावा. तेच जास्त प्रामाणिक नाही का?

रिटायर्ड_निगेटिव्ह

जसा आला तसा म्हणजे कसा हो? जेपेग जी बाहेर येते ती कॅमेऱ्याने आतल्या आत एडिट केलेलीच असते. रंग त्याने ठरवले, सावली त्याने गडद केली, धार त्याने दिली, आणि या फोटोत तर दगडाचा रंगही त्याने खाल्ला. तिथे उभ्या माणसाला भिंत गुलाबी दिसत होती, कॅमेऱ्याला दिसली नाही. मग प्रामाणिक कोण? आम्ही निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, एन्लार्जरखाली, हात धरून आकाश जास्त भाजायचो (जास्त उजेड द्यायचो) आणि चेहरे कमी, त्याला कुणी खोटं म्हटलं नाही. उजेड आणि भूमिती दुरुस्त करणं वेगळं, आणि नसलेली वस्तू आणून ठेवणं वेगळं.

जिवाजीगंजची_लेक

मी माहेरची ग्वाल्हेरची, आता बडोद्याला. लिंकमधला एआयवाला फोटो उघडला आणि पाटणकर काकांना जे "विचित्र" वाटतंय ना ते काय आहे ते मला कळलं म्हणून लिहितेय.

नावं बघा. डावीकडच्या पत्र्यावर वरून खाली बोट फिरवत मूळ फोटो आणि हा शेजारी-शेजारी ठेवा. मूळ फोटोत लांबूनसुद्धा, अस्पष्ट का होईना, पण नावं आहेत, हुद्दा, मग नाव. एआयवाल्यात तिथे अक्षरांसारखं काहीतरी आहे. काना आहे पण त्याला अक्षर नाही, दोन आडव्या रेघांना एक गोल चिकटलेला, एका ओळीत तर तोच आकार तीनदा आलाय, आणि सगळं असं झकास धारदार सोनेरी की लांबून वाटावं व्वा काय स्वच्छ आलंय. त्या ॲपला वाचता येत नाही, अक्षर "कसं दिसतं" एवढंच ठाऊक असतं, मग अस्पष्ट जागा दिसली की ते आपल्या मनाने भरून काढतं. पांढऱ्या डागात गेलेली चार-पाच नावं आहेत ना, तिथे तर त्याने अख्ख्या ओळी बनवल्यात. म्हणजे जी माणसं कधी नव्हतीच त्यांची नावं कारगिलच्या भिंतीवर. कारगिलमधे आपले ५२७ जवान गेले, त्या भिंतीवरचं एकेक नाव कुणाच्या तरी घरातलं आहे, आणि आपण हॉलमधे रेघोट्या लावणार?

झेंडाही बघा, चक्राचे आरे मोजा. चोवीस असायला हवेत, मला त्यात एकोणीस दिसले आणि दोन मधेच गायब. केशरी तर जवळजवळ लाल झालाय.

भाच्याला रागावू नका, त्याने आपुलकीने केलं. पण तो फोटो नको.

आणि ते आजोबा राहू द्या ना. पाठमोरे आहेत, चेहरा दिसत नाही, कोण आहेत ते कुणालाच कळणार नाही. कुणाचे वडील असतील, कुणाचे साहेब असतील, नुसते प्रवासीही असतील. त्यांच्यामुळे तर पत्रा किती मोठा आहे ते समजतं. त्यांना काढलंत की नुसती भिंत उरेल, आणि ज्या जागेवरून त्यांना पुसाल तिथे त्यांच्या मागची नावं परत त्या मशीनलाच बनवावी लागतील, म्हणजे पुन्हा तेच.

सराफा_शटर

ताई मान्य, नावांचं मी झूम करून बघितलंच नव्हतं. एकदम डेंजर. आकाशाचंही मग माघार घेतो, नाहीतर निगेटिव्ह काका मला सोडणार नाहीत.

पण तसाही तांत्रिक मुद्दा आहेच. भिंतीवर सावल्या तोकड्या आणि सरळ खाली पडल्यात, म्हणजे सूर्य डोक्यावर. मागे केशरी संध्याकाळ लावली तर उजेड एकीकडून आणि सूर्य दुसरीकडे, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खोटं वाटतं. लग्नाच्या अल्बममधे चालून जातं, इथे नाही.

काळ्या कोपऱ्याचं कारण पोलरायझर. सूर्यापासून नव्वद अंशावरच्या आकाशाच्या पट्ट्यात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, आणि लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, १८ एमएमवर, इतकं आकाश फ्रेममधे येतं की पट्टा अर्धा आत अर्धा बाहेर. त्यात उंचावर आकाश आधीच गडद. आता उपाय: फक्त आकाशाचा मास्क करा, त्याच्यावर उलट्या दिशेने ग्रेडियंट (हळूहळू कमी होत जाणारा बदल) टाकून काळा कोपरा उजळवा आणि फिकट बाजू किंचित उतरवा. दोन्ही एकसारखे करायला जाऊ नका, फरक निम्मा झाला की पुरे.

पाटणकर_बाजार

अरे बापरे. ताई, तुम्ही सांगितल्यावर बघितलं आणि अंगावर काटा आला. मंडळाच्या ग्रुपवर दोन्ही क्लोजअप टाकले, केशरी संध्याकाळचा आग्रह तिथल्या तिथे संपला. आजोबांवर मात्र अजून दोन मतं आहेत पण फोटो माझा आहे, ते राहतील.

डार्कटेबल टाकलं. डेलाईट केल्याबरोबर दगड खरंच परत आला, बायकोसुद्धा म्हणाली हां असाच होता. भिंत पंच्याहत्तरच्या आसपास ठेवलीय.

आता दोन ठिकाणी अडलोय. एक, सावल्या वर उचलल्या की डोंगराच्या कडेला आकाशात पांढरी किनार दिसते, जशी देवाच्या फोटोत डोक्यामागे असते तशी. दुसरं म्हणजे ती चमक. हायलाईट कितीही खाली ओढला तरी पांढऱ्याचा करडा होतो, नावं येत नाहीत. पोलरायझर लावूनही चमक कशी काय राहिली हे मला कळलेलं नाही.

रिटायर्ड_निगेटिव्ह

पोलरायझर काचेवरची, पाण्यावरची, पानांवरची चमक कापतो. धातूवरची चमक त्याला फारशी जुमानत नाही, कारण धातूवरून परत येणारा उजेड त्या पद्धतीने ध्रुवीकृत होतच नाही. पितळेपुढे पोलरायझर म्हणजे शोभेची वस्तू.

आणि हायलाईट ओढून नावं येत नाहीत कारण तिथे काही नोंदच झालेलं नाही. लाल, हिरवा, निळा तिन्ही रकाने भरून वाहिलेत. तिथून कुठलंही सॉफ्टवेअर नावं काढून दाखवेल ते मनचंच असेल.

पण मला एक सांगा, त्याच जागी आणखी फोटो काढले होते का? दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून? हौशी माणूस एक फोटो काढून थांबत नाही. असेल तर शोधा. चमक ही तुमच्या जागेवर अवलंबून असते, तुम्ही सरकलात की ती पण पत्र्यावर सरकते. दुसऱ्या फ्रेममधे तीच नावं स्वच्छ असण्याची बरीच शक्यता आहे.

पाटणकर_बाजार

आहे! डावीकडून काढलेला एक आहे, त्यात चमक खालच्या ओळींवर गेलीय आणि ही नावं वाचता येतात. पण कोन वेगळा आहे, पत्रा तिरका दिसतो, तो इथे कसा बसणार?

सराफा_शटर

बसतो दादा, आणि मस्त बसतो, कारण पत्रा सपाट आहे. झाड किंवा माणूस असता तर नसता बसला, कारण जागा बदलली की मागचं-पुढचं सगळं एकमेकांवर सरकतं. सपाट वस्तूचं तसं नसतं, चार कोपरे चार कोपऱ्यांवर बसवले की मधलं सगळं आपोआप जागेवर येतं.

असं करा. दोन्ही रॉ सारख्याच व्हाइट बॅलन्सने काढा, सोळा बिट टिफ फाईली करा, गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमधे एकावर एक लेयर. वरच्या लेयरमधे फक्त तो पत्रा ठेवा, पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या, पत्र्याचे चार कोपरे खालच्या पत्र्याच्या चार कोपऱ्यांवर ओढा. वरच्या लेयरची ओपॅसिटी अर्धी ठेवून, म्हणजे तो अर्धा पारदर्शक करून, काम करा म्हणजे अक्षरं दोनदोन दिसत नाहीत ना ते कळतं. एखाद्या ठळक अक्षराची उभी रेघ पकडा आणि तिच्यावर ताडा. मग लेयरला काळा मास्क लावा आणि मऊ ब्रशने जिथे चमक होती फक्त तेवढ्या डागावर पांढरं रंगवा. तेवढीच खिडकी उघडेल. उजळपणा थोडा वेगळा असेल तर कर्व्हने जुळवा, आणि चमकेची थोडीशी उब कडेला राहू द्या, पितळ आहे ते, अगदी मॅट दिसलं तर पुठ्ठा वाटेल.

हे बनवलेलं नाही, तीच भिंत, तोच दिवस, तुमचाच कॅमेरा. ताईंची हरकत नसावी.

किनारीचं: सावल्या स्लायडरने उचलू नका, "टोन इक्वलायझर" वापरा. तो आजूबाजूचा भाग ओळखून उजळवतो, कडा सांभाळतो. त्यातल्या मास्किंगच्या टॅबमधे मास्क उघडून बघा, डोंगराची कड मास्कमधे धूसर दिसत असेल तर किनार येणारच, तो मास्क कडेला नीट चिकटेपर्यंत तिथले स्लायडर हलवा. आणि मुळात सावल्या इतक्या उचलूच नका. सगळीकडे सारखा उजेड असलेला फोटो मोबाईलच्या जाहिरातीसारखा दिसतो.

जिवाजीगंजची_लेक

हरकत कसली, उलट हेच हवं होतं. फक्त एक विनंती, बसवून झालं की ती चार-पाच नावं दुसऱ्या मूळ फोटोशी एकेक अक्षर वाचून ताडा, आणि ताडणारा दुसरा कुणीतरी असू दे, करणाऱ्याला स्वतःच्या कामात काही दिसत नाही.

सेल्फी स्टिक आणि कोपर खुशाल काढा, ते फरशीवर आणि साध्या दगडावर आहे, "रिटच"ने शेजारचा दगड उचलून जाईल. पण दगडाचे सांधे बघून. सांधा मधेच तुटला की शंभर लोकांतला एकजण तरी बरोबर तिथेच बोट ठेवतो आणि तो नेमका आपल्याच मंडळाचा असतो.

झेंड्याला रंगाचा वेगळा हात लावू नका. अख्ख्या फोटोचं सॅच्युरेशन वाढवलं की केशरी सगळ्यात आधी लालसर होतो. दगड गुलाबी आणि झेंडा केशरी, जवळजवळचे रंग आहेत, म्हणून दगडाला जे करायचं ते मास्क लावून दगडालाच. आणि मंडळाचं नाव, लोगो फोटोवर टाकायचा विचार असेल तर झेंड्यावर काहीही येऊ देऊ नका, ध्वजसंहितेत झेंड्यावर अक्षरं लिहायला मनाई आहे, फोटोतही ते बरं दिसत नाही. खाली पांढरी पट्टी सोडा, त्यात "कारगिल युद्ध स्मारक, द्रास" आणि फोटोचं साल. बास.

जाता जाता, त्या पट्टीशेजारी ग्वाल्हेरचा एक ओळीचा उल्लेख करायला हरकत नाही. २४ जून १९९९ ला टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले ती मिराज २००० विमानं आपल्या महाराजपूरच्या हवाई तळावरची. मोहिमेत उडत होती आदमपूरहून, पण घर ग्वाल्हेर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत विमानाचा आवाज आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि वर बघून परत आत जायची. हॉलमधे येणाऱ्या पोरांना डोक्यावरून जाणारं विमान आणि भिंतीवरचा डोंगर यांचा संबंध कळू दे जरा.

सरळसोट

तोलोलिंगचंही लिहा मग. १३ जून १९९९ ला २ राजपुताना रायफल्सने घेतलं, आणि त्याच्या आधी १८ ग्रेनेडियर्सने तिथे फार सोसलं. फोटोत मागे दिसतो तो नुसता डोंगर नाही हे कळायला हवं.

(एडिटिंगबद्दलचं माझं मत निम्मं बदललंय. निम्मंच.)

पाटणकर_बाजार

दोन्ही ओळी टाकतो. पत्रा बसला मंडळी, सराफा तुला इंदूरला येऊन जिलेबी. पहिल्यांदा बसवला तेव्हा वरची ओळ जुळत होती आणि खालची अर्ध्या अक्षराने सरकत होती, मग लक्षात आलं की लेन्सचं करेक्शन एकाच फाईलवर चालू होतं. दोन्हीवर चालू केल्यावर झटक्यात बसलं. नावं आमच्या मंडळातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी भिंग घेऊन ताडली, एक वेलांटी ब्रशखाली अर्धी राहिली होती तीही त्यांनीच पकडली.

आता छपाई. कापून झाल्यावर साधारण ५४०० बाय ३६०० पिक्सेल उरलेत. ३६ इंचाला पुरेल का? लॅबवाला म्हणतो कॅनव्हासवर घ्या, रिच दिसतं. दुसरा म्हणतो फ्लेक्स घ्या, स्वस्तात होईल.

रिटायर्ड_निगेटिव्ह

५४०० भागिले ३६, दीडशे डीपीआय झाले, म्हणजे इंचाला दीडशे पिक्सेल. इतका मोठा फोटो माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो, पुरेल. पण इथे लोक नावं वाचायला जवळ जाणार, तेव्हा लॅबला एवढंच सांगा की फाईल एआयने मोठी करू नका. काही ठिकाणी ते न विचारताच करतात, मग इतकं करून परत त्या रेघोट्या. मोठी करायचीच तर साधी, आणि ती आपण करून द्यायची.

फ्लेक्स नको, तो चौकात लांबून बघायला. कॅनव्हासही नको, त्याच्या विणीत बारीक अक्षरं फुटतात. डोंगर छान दिसेल, नावं जातील. फोटो पेपर घ्या, लस्टर, म्हणजे कमी चमकणारा.

छापण्याआधी स्क्रीनचं बघा. आपण सगळे स्क्रीन भगभगीत ठेवून काम करतो आणि मग प्रिंट काळी आली की लॅबला शिव्या. एक कोरा पांढरा कागद खोलीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा, आणि मग फोटो परत बघा. बहुतेक वेळा एक्स्पोजर पाव स्टॉप उजळवावं लागतं. फाईल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या.

आणि आधी अख्खी प्रिंट नको. मोठ्या मापाच्याच फाईलमधून आठ बाय बाराचा एक तुकडा कापा, ज्यात थोडा पत्रा, थोडा दगड, आजोबांचा स्वेटर आणि जमलं तर झेंड्याची कड येईल. तेवढाच छापून घ्या, शंभर-दीडशे रुपयात सगळं कळतं.

तो तुकडा हॉलमधे घेऊन जा आणि जिथे लावायचाय तिथेच भिंतीला धरून बघा. मंडळाच्या हॉलमधे ट्यूबलाईट असणार, ती दगडाचा गुलाबी थोडा मारते, तिथे फिका वाटला तर घरी येऊन दगडाच्या मास्कमधे थोडी ऊब वाढवा, घरच्या बल्बखाली बघून काही ठरवू नका.

पाटणकर_बाजार

ट्यूबलाईटच आहेत, बरोबर समोर दोन. फ्रेमला काच लावायची की नको?

रिटायर्ड_निगेटिव्ह

साधी काच अजिबात नको, दोन्ही ट्यूब त्यात दिसतील आणि नावं पुन्हा पांढऱ्या पट्ट्यात जातील. मॅट लॅमिनेशन करून बिनकाचेची फ्रेम, किंवा खर्च झेपत असेल तर नॉन-रिफ्लेक्टिव्ह ॲक्रिलिक. आणि खिळा ठोकायच्या आधी समोरच्या दोन ट्यूबपैकी एक बाजूला सरकवता येते का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, ते सगळ्यात स्वस्त पडेल.

सराफा_शटर

आणि लावल्यावर फोटो टाका दादा. जिलेबी विसरू नका, पोह्यांसोबत हं.